हंगामी शिपायाचा खांदा

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. सातारा जिल्ह्यातल्या अशा गावात पोरगं भरतीत नापास झालं की घरात सुतक पडल्यागत होतं बघा. आमचा एकुलता एक दोनदा धावण्यात मागं पडला. पुढं प्रादेशिक सेनेत लागला. म्हणजे एरवी तासगावला बेदाण्याच्या शेडवर ट्रॅक्टर चालवायचा, वर्षातनं थोडे दिवस वर्दी घालायची, आणि लढाई पेटली की बोलावतील तिथं जायचं. पक्की फौज पुढं सरकते तेव्हा मागचे पूल, दारूगोळा ही माणसं सांभाळतात. पण आमचे मालक फौजेतले जुने पेन्शनर. ते आल्यागेल्याला सांगायचे, "आमचं पोरगं हंगामी शिपाई हाय."

सीमेवर पेटलं तसा त्याला फोन आला. शेडवरनंच गेला. लढाई थांबल्यावर सुट्टीवर आला तो मुका होऊन. "खांद्याला जरा खरचटलंय," एवढंच म्हणाला. सदरा काही माझ्यासमोर काढला नाही.

तेवढ्यात जत्रा आली. आमच्याकडं पालखीला पहिला खांदा लढाईवरनं आलेल्या माणसांचा. पोरानं पुढची दांडी धरली. मालकांच्या चुलतभावानं त्याची कॉलर धरून मागं ओढलं. तोही पेन्शनरच.

"हंगामी माणसानं मागं ऱ्हावं, गड्या."

"मी बी तिथंच हुतो, काका."

"व्हय, पुलावर शिट्टी वाजवत."

माणसं हसली. पोरानं दांडी सोडली नाही. चुलतभावानं कानाखाली हाणली, तसं पोरानं कपाळ त्याच्या तोंडावर घातलं. नाक फुटलं, दात बाहेर आला. मग चारजण पोरावर पडले. खाली पाडून लाथांनी तुडवला. आमचे मालक सोडवायला धावले असं मला वाटलं. त्यांनी काठी उचलली आणि पोराच्याच खांद्यावर घातली. "सोड म्हणतो न्हवं!"

पोरगं ओरडलंसुद्धा नाही. अंगभर गुलाल, वर चांगभलंचा गजर. सदरा लाल झाला तरी कुणाला काही वाटलं नाही, सगळेच लाल होते. पण त्याच्या बोटांवरनं थेंब पडत होते. गुलाल कुठं ठिबकतो? मी सदरा टरकावला. टाके उसवून मांस उघडं पडलेलं, आत हाड दिसत होतं.

जीपमधनं मिरजेच्या दवाखान्याकडं निघालो. मालक आपल्या फेट्यानं जखम दाबून बसले. दाबता दाबता त्यांनी विचारलं, "गोळा कुठं पडला रं?"

"म्होरंच, आबा. आमी तोफंकडं पेट्या वाहत हुतो. माझ्या जोडीदाराचं डोकंच गेलं. त्याच्यातनं गेलेला गोळ्याचा पत्रा माझ्यात आला."

"पेट्या पोचल्या?"

"पोचल्या. परत जाऊन त्याची पेटी बी न्हेली."

मालकांनी मान हलवली, बरोबरीच्या माणसापुढं हलवतात तशी. अन् विचारतच राहिले, तोफ कुठली, आडोसा काय होता. त्या दोघांनी असं बोलावं म्हणून मी इतकी वर्षं देवाला हात जोडले होते. त्या दिवशी मात्र मला ते ऐकवेना.

"आवं, गप्पा ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले, "फेटा भिजला. नीट दाबा."

पोराचा तो हात आता खांद्याच्या वर जात नाही. प्रादेशिक सेनेनंही घरी पाठवलं. मालक पारावर बसून त्या पेट्यांची गोष्ट ज्याला त्याला सांगतात. जत्रेतली तेवढी गाळतात. ती मला सांगावी लागते.