उपरण्यातला माइक

गोदाकाठच्या आमच्या सभांना माइक आणि कर्णा घेऊन येणारा तो माणूस प्रत्येक वक्त्याला विचारायचा, "चहा झाला का?" स्वतः कुणाला चहा पाजल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही. पुढे लक्षात आलं, उत्तराशी त्याला देणंघेणं नव्हतं. तो आवाज जोखायचा. दणदणीत आवाजाला कोळशाच्या भुकटीचा माइक. तो फार खरखरला की हा दोन टिचक्या मारून त्याला वठणीवर आणायचा. दुसरा, नाजूक माइक जुन्या उपरण्यात गुंडाळलेला असे. हळू आवाजही तो टिपायचा, पण त्याला वारा सोसत नसे, म्हणून नदीकाठी कधी बाहेर निघाला नव्हता.

त्या दिवशी मुलींच्या शाळेसाठी सभा होती. शाळेच्या बाईंचा आवाज अगदी बारीक, म्हणून त्यांचं भाषण चिटणीस या नात्याने मीच वाचायचं ठरवून टाकलं होतं. त्याने बाईंना चहाचं विचारलं, उत्तर ऐकलं आणि उपरणं उलगडलं.

"बाई, वरडू नका. आत्ता माझ्याशी बोलल्या तसंच बोला."

वारा होताच. भाषण संपेपर्यंत तो कोटाची दोन्ही टोकं पसरून माइकला आडोसा करून उभा राहिला.

मी गुपचूप खाली बसलो. पलीकडच्या काठावर कपडे आपटण्याचे आवाज एकेक करून थांबले. एका बाईने पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं, पोरीचा हात धरला आणि घोटाभर पाण्यातून ती सभेकडे यायला निघाली.