सातव्या खुर्चीवरचा दिनानाथ

चिंचणीत मध्यंतरी एक कुजबुज उठली होती: दिनानाथ सावे म्हणे दिल्लीच्या संरक्षण संस्थेच्या नियामक मंडळावर आहे, आणि सीमेवर जरा कुठे खुट्ट झालं की आधी ह्याचं मत घेतात. बोंबील निवडता निवडता हंसाने ती शकूच्या कानात सोडली. शकूने ती बोईसरच्या रिक्षात सांडली. संध्याकाळी चिंचणीला परत येईपर्यंत दिनानाथच्या खिशात अणुबॉम्बची किल्लीही येऊन पडली होती.

मुळात हंसाला कुणी सांगितलं? दिनानाथनेच, दुसरं कोण!

हा माणूस तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं गेटपास लिहीत होता. आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, दोन्ही बाजूंना सही. एक रकाना कोरा दिसला की पास परत. कागद पालथा करून मागची बाजू वाचल्याशिवाय त्याने कुणाला सोडलं नाही. मिथुन नावाच्या कंत्राटी हमालाला तर एका सहीपायी त्याने वैशाखात तीन तास फाटकाबाहेर उभं केलं होतं. हमाल भोवळ येऊन पडला, तेव्हा दिनानाथ म्हणाला, "पडला तरी पास लागेल."

निवृत्तीनंतर तो आपल्या चिकूच्या वाडीत रमला. वाडीला लागून एका निवृत्त मेजर जनरलचा बंगला. तिथे दर जानेवारीत त्या संस्थेचं मंडळ भरायचं. माजी सेनाधिकारी, एक ॲडमिरल, दोन राजदूत, सगळे सत्तरीच्या पुढचे. शत्रूला धडा शिकवत शिकवत कवळीला झेपतील तेवढे चिकू खायचे. गेल्या जानेवारीत दिनानाथ चिकूची करंडी पोचवायला गेला आणि त्याला चक्क आत बसवून घेतलं. खुर्ची, पुढे नावाची पाटी, बाटलीबंद पाणी. सचिव चारुताबाईंनी पुढे केलेल्या कागदांवर त्याने झोकात सह्या ठोकल्या. फोटो निघाला.

तो फोटो बोईसरहून मोठा करून देव्हाऱ्याशेजारी लागला.

"अवो, देवापरीस तुमीच मोठे दिसताव," बायको प्रेमला म्हणाली.

"देव काय मंडळावर हाय गो?"

मग दारावर पाटी लागली, 'सदस्य, नियामक मंडळ'. मग त्याला एकच ध्यास लागला: सव्वीस जानेवारीला शाळेतला झेंडा आपल्या हातून फडकावा. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना सलाम ठोकले. एकदा तरी गावाने आपल्याकडे मान वर करून बघावं. शाळा समितीचा अध्यक्ष होता शैलेश. त्याच मिथुन हमालाचा मुलगा.

शैलेश भर सभेत गोड हसला. "दिनाकाका, यंदा झेंडा तुमचाच. फक्त मंडळातला एक साहेब संगती आणा. लोकांचं तोंड बंद होईल."

"एक कशाला? दोन आणतो."

दिनानाथने कोट शिवला. पत्रिका छापल्या. पंचवीस तारखेला मंडळ बसलं होतं, तेव्हा तो कोट घालून निघाला. मागोमाग शैलेश, हातात शाल आणि नारळ.

ओसरीवर सात खुर्च्या, सातही भरलेल्या. जनरलने चष्म्यावरून पाहिलं. "चिकू? पीछे, किचन में."

"साहेब, मी सावे. मेंबर."

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. ॲडमिरलने कानातलं यंत्र पिरगाळलं. चारुताबाई पुण्याच्या, स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "काका, तुम्ही गेल्या वर्षी होतात. आता नाही."

"मला काढला?"

"छे! तुम्हीच राजीनामा दिलात. ही काय तुमची सही."

एकाच पेनाच्या दोन सह्या, दोन कागदांवर. दुसरा त्याने वाचलाच नव्हता. कोट अंगात असूनही त्याला गार वाटू लागलं. तो हळूच पुटपुटला, "बाई, उद्यापुरतं काय नाय का करता येणार?"

तेवढ्यात शैलेशने राजीनामा उचलला. मोठ्याने वाचला, एकेक अक्षर, फाटकावर दिनानाथ वाचायचा तसा सावकाश. मग म्हणाला, "मागची बाजू पण वाचू ना, काका? माझ्या बापाच्या पासाची वाचलेली, तशी?"

जनरल करवादला, "भाई, मीटिंग चल रही है."

दुसऱ्या दिवशी दिनानाथ घरातून निघणारच नव्हता. शैलेश स्वतः आला, हाताला धरून घेऊन गेला, कोटासकट. मैदानात तिसऱ्या रांगेत, अंगणवाडीच्या पोरांमागे उभा केला. झेंडा शैलेशने फडकवला. माईकवर म्हणाला, "आपल्यात मंडळाचे माजी सदस्य हजर आहेत. हात वर करा, काका. दिसू द्या लोकांना." दिनानाथने हात वर केला. हंसा सगळ्यांत आधी हसली. घरी आल्यावर प्रेमलाने पाटी काढली आणि तिच्या पाठीवर बोंबील वाळत घातले.

खरी गोष्ट एवढीच. संस्थेच्या नियमाप्रमाणे बैठकीला सात सदस्य लागतात. गेल्या जानेवारीत सहा आले होते. सातव्याचं विमान रद्द झालं. म्हणून करंडी घेऊन आलेल्या माणसाला सदस्य करून घेतलं, आणि राजीनाम्यावर सही आधीच घेऊन ठेवली. दिनानाथ सावे नियामक मंडळावर होता. अकरा वीसला आत, साडेबाराला बाहेर.