दगडाबाईचं रक्त

गुरुसिद्धप्पाला एका जागी बसवत म्हणून नसे. सात रस्त्याजवळ एका डॉक्टरांच्या लॅबोरेटरीत तो रक्त तपासायचा, आणि सारखा हात आपल्याच छातीवर. नसेल का हो? बाप पंचेचाळिसाव्या वर्षी छाती धरून गेला, थोरला भाऊ निंगप्पा त्रेचाळिसाव्या. शहात्तर साली याला बेचाळिसावं लागलं.

दुसऱ्यांच्या दंडात बिनधास्त सुई खुपसणारा हा बहाद्दर स्वतःचं रक्त मात्र काढेना. रक्तात कोलेस्टेरॉल, म्हणजे एक प्रकारची चरबी, फार असली की काळजाच्या नळ्या तुंबतात, हे डॉक्टरांनीच त्याला शिकवलेलं. काचनळीत ॲसिड घातलं की रंग हिरवा होई. जितका गडद, तितका धोका. तो रंग बघून हा रोज आपलीच नाडी मोजत बसायचा.

शेवटी एका सकाळी दार लावून त्यानं स्वतःलाच टोचून घेतलं. रजिस्टरात नाव टाकलं, दगडाबाई, राहणार करकंब. भित्रा कुठला! नळी शेवाळासारखी गडद झाली. आकडा चारशे दहा, चांगल्या माणसाच्या दुप्पट.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "ह्या बाईला बोलवा आधी. आणि हिच्या पोरांचंही रक्त घ्या. असलं घराण्यातून येतं. लवकर कळलं तर खाण्यापिण्याला आवर तरी घालता येतो."

झालं! स्वतःची भीती कुठल्या कुठं गेली. डोळ्यांपुढं नऊ वर्षांची नीलम्मा उभी राहिली, त्याची एकुलती एक. आठ दिवस त्याला अन्न गोड लागेना. बायको, ईरम्मा, वैतागली तेव्हा कुठं त्यानं सगळं ओकलं.

तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मग घिऊन जावा की तिला. तुमी भिऊन रक्त सुधारतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी पोरीला उपाशीपोटी आणली. शेकडो दंड टोचलेल्या या बहाद्दरानं सुई टेकवली आणि डोळेच मिटून घेतले.

"अप्पा, डोळं मिटू नका. नीट टोचा की," पोरगीच म्हणाली.

नळीत रंग चढायला लागला. तो उठला, बसला, पुन्हा उठला. फिकाच राहा रे, बाबा! रंग काही ऐकेना.

त्यानं कागद डॉक्टरांपुढं ठेवला. ते बघतच राहिले. "इतकं? त्या दगडाबाईची पोर का? आई कुठाय हिची?"

"आई घरी हाय, डॉक्टर," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "दगडाबाई मीच."