भिंतीआडचा जोड

टाचणीमावशीला गप्प करायचं तर तिच्या ओठांत टाचण्या हव्यात. चाळीस वर्षं कपडे शिवले, त्यातली निम्मी ओठांत टाचण्या धरून; नाव पडलं ते असं. त्या सकाळी मात्र तोंड मोकळं होतं, आणि नवऱ्याचे कान किटले होते.

का नाही बोलायचं? मागच्या नव्या खोलीचं वायरिंग तिने स्वतः केलं होतं! राहत्या घराचं वायरिंग मालकाला स्वतः करता येतं, तपासनिसाने पास केलं तर. नापास झालं तर सगळं काढून परवानेवाल्या वायरमनकडून नव्याने. आणि घर तर मावशीच्याच नावावर, शिवणाच्या कमाईचं. तिच्या खोलीतला दिवा दुसऱ्या कुणी जोडायचा? छे!

तपासनीस आले आणि थेट नवऱ्याला म्हणाले, "काय मालक, कुणी केलंय काम?"

"मालक ही. कामही हिचंच. मी शिडी धरली," नवरा म्हणाला.

तपासनिसांनी भिंतींकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गुळगुळीत प्लास्टर, वर रंग. "अहो बाई, वायरी झाकायच्या आधी बोलवायचं असतं! आता मी काय तपासू, रंग?"

पण मावशीचीही बाजू होतीच ना. शिलाई आत लपवल्याशिवाय तिने आजवर गिऱ्हाइकाला कपडा दाखवला नव्हता, ती उघडी भिंत कशी दाखवणार! तिने धावत जाऊन कागदांची गुंडाळी आणली. प्रत्येक भिंतीचा पूर्ण मापाचा कागद, ब्लाउजचा कापतात तसा, त्यावर वायरीचा प्रत्येक पाइप आखलेला.

"बोट ठेवा कुठेही. फोडून दाखवते!"

तपासनिसांनी भिंतीवर बोट ठेवलं. मावशीने छिन्नी मारली. पाइप बोटाखालीच! भिंतीतल्या वायरजोडाच्या डब्या उघडल्या, तर प्रत्येकीत वीतभर जादा वायर, शिवणीत सोडतात तशी. तपासनीस खूश झाले, पेन काढलं, आणि सहज नवऱ्याला म्हणाले, "जोड डबीतच असला की चिंता नाही. भिंतीच्या आत असला तर तापतो, आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही."

मावशीने पटकन तीन टाचण्या ओठांत धरल्या.

खिडकीजवळच्या भिंतीत वायर हातभर कमी पडली होती. कापडाला तुकडा लावावा तसा तिने सुबक जोड दिला होता, आणि त्याच पाइपात सारला होता. कागदावर बारीक फुलीही मारली होती. तो कागद उलगडायचा राहिला होता. कुणाला दिसणार? भिंत तिची, घर तिचं. तपासनिसांचं पेन दाखल्याला टेकलं. मावशीने त्या भिंतीला टेकलेल्या नवऱ्याच्या पलंगाकडे पाहिलं.

तिने टाचण्या थुंकल्या.

"थांबा! त्या भिंतीत जोड आहे. मीच केलाय."

तपासनिसांनी पेन खिशात घातलं. "मग हे पास होत नाही."

"पण वायर पाइपात आहे ना? नाडी ओवल्यासारखी नवी ओवते. तुम्ही उभे राहा फक्त!"

जुन्या वायरीच्या टोकाला अख्खी नवी वायर बांधली. नवरा एका डबीतून ओढतोय, मावशी दुसरीतून सारतेय आणि ओरडतेय, "हळू! अहो, हळू! आली, आली!" जोड बाहेर पडला तेव्हा तपासनिसांनीही टाळी वाजवली. मग टोकं डबीत घट्ट बसवून घेतली, पुन्हा सगळं तपासलं, आणि सही ठोकली. मावशीने बटण दाबलं. खोली उजळली! ती भर दुपारी दिव्याकडे बघत हसत सुटली.

तपासनीस गेल्यावर नवऱ्याने कागदावरची फुली बघून तो जोड भिंतीला लावून पाहिला. बरोबर त्याच्या उशाच्या वर.

"हे तू लपवणार होतीस?"

"हो," मावशी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "टाचण्या तोंडात होत्या तेवढा वेळ."