तबकडीचा फोन

भंगारवाल्याच्या ढिगात काळा, गोल तबकडीचा फोन दिसला आणि शिवणकाम करणाऱ्या ताई जागीच थबकल्या. लहानपणी घरात अस्साच फोन होता. नंबर कोणी फिरवायचा, यावरून धाकट्या भावाशी झिंज्या उपटण्यापर्यंत मजल जायची. ताईंनी फोन घेतला, घरी येऊन पुसला आणि लगेच परगावच्या भावाला मोबाइल लावला.

“बोलू नकोस, नुसतं ऐक,” म्हणत त्यांनी मोबाइलजवळ नऊचा आकडा फिरवला. तबकडी करकरत मागे आली.

पलीकडे साठीचा भाऊ एकदम ओरडला, “ताई, आता माझी पाळी!”

“बरं बाबा, सांग आकडा!”

तो सांगत गेला, ताई फिरवत गेल्या. दारात ब्लाउज न्यायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, त्याचंही त्यांना भान नव्हतं.