केसरीनाथचा शुक्रवार

कामतघर गावात केसरीनाथ मेकॅनिकबद्दल एक गोष्ट पक्की ठरलेली आहे: तो गाडीचा प्लग जिभेवर ठेवतो आणि चवीवरून इंजिनाचा आजार सांगतो. टपरीवर हे सांगणारा आईची शपथ घेऊन सांगतो आणि ऐकणारा पुढच्या नाक्यावर पदरची भर घालतो. हल्ली म्हणे तो ऑइलही चमच्यानं चाखतो.

साफ खोटं. केसरीनाथ गॅरेजमध्ये कुणाच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही. घरून आणलेली बाटली धुतलेल्या फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगतो आणि पिताना तोंडापासून वीतभर लांब धरतो. तीस वर्षं कोपरापर्यंत ग्रीसमध्ये बुडालेल्या ह्या माणसाला सगळ्यात जास्त किळस येते ती लोकांच्या गाड्यांची. प्लग तो चिमट्यानं उचलतो, नाकाशी नेऊन एकदाच हुंगतो आणि म्हणतो, "शीऽऽऽ!" ही शी पोटातून सुरू होते, नाकात चढते आणि शेवटी शिट्टीसारखी बारीक होत विरते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, चाटला!

दुसरी गोष्ट मात्र खरी. तो निदान फक्त शुक्रवारी करतो. गॅरेजच्या दोन्ही अंगांना कापडाच्या लूमचे कारखाने. सहा दिवस नुसती खटाखट, आणि हवेत कापसाचा तूस. इंजिन काय बोलतंय ते इंजिनालाही ऐकू येत नसेल. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी केसरीनाथ कान उघडतो.

अशाच एका शुक्रवारी अंजूरहून प्रितम आपली लाल गाडी घेऊन आला. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, तीस वर्षं जुनी स्पोर्ट गाडी. सोबत धाकटी बहीण रुचिका. ती कॉलेजात जाते आणि दिसेल त्याची नक्कल करते. हे लिहिणारीही तीच, पण इथं तिला रुचिकाच म्हणू.

"काका, आता तुम्हीच," प्रितम म्हणाला. "पप्पा बोलले, उद्या सकाळी गाडी पुलाचा चढ एका दमात चढली तर ठेव. न्हायतर भंगारवाला सांगून ठेवलाय. नऊ वाजता टेम्पो येणार."

"होतं काय?"

"जाग्यावर मस्त चालते. चढावर पाय दाबला की अडखळते, झटके मारते. एकानं पेट्रोलचा पंप बदलला. दुसरा बोलतो, इंजिन खोलायला लागेल."

"खोला! पोट दुखलं की माणूसही खोला!" म्हणत केसरीनाथनं दार उघडलं आणि दोन पावलं मागं आला. दाराच्या कप्प्यात गुटख्याच्या पुड्या, आणि त्यांच्यामध्ये लाल थुंकीनं अर्धी भरलेली पाण्याची बाटली.

"प्रितम. हे काय हाय?"

"ते... हळदीला मित्र बसलेले गाडीत."

"कुणाच्या हळदीला?"

"मागच्या वर्षीच्या."

"शीऽऽऽ!"

मागं रुचिकाचे ओठ हलले. सूर तिनं टिपून घेतला होता.

केसरीनाथनं सीटवर वर्तमानपत्र अंथरलं आणि गाडी पुलावर घेतली. चढ लागला, पाय दाबला. फट्! पुन्हा ठीक. फट्, फट्! पुन्हा ठीक. केसरीनाथ नाक मुरडून ऐकत राहिला. पेट्रोल कमी पडलं तर गाडीला धाप लागते, ती हळूहळू बसत जाते. ही बसत नव्हती. ही ठेच लागल्यासारखी धडपडत होती. म्हणजे पेट्रोल नाही, ठिणगी. भार पडला की ठिणगीला जोर जास्त लागतो, आणि नेमक्या त्या वेळी ती प्लगच्या तोंडाशी न पडता भलत्याच वाटेनं पळत होती.

कुठून पळते ते बघायला अंधार हवा. त्यानं गाडी गॅरेजच्या दारात उभी केली, इंजिन चालू ठेवून उघड्या बॉनेटवर काळी ताडपत्री टाकली आणि आत डोकं घातलं.

"आयला, दिवाली!" ताडपत्रीखालून आवाज आला.

रुचिकानंही वाकून बघितलं. प्लगच्या वायरींवरून निळ्या बारीक ठिणग्या टुणटुण उड्या मारत होत्या.

इंजिन बंद करून केसरीनाथनं वायरी उपसल्या. प्लग जिथं बसतात त्या खोल भोकांत पिवळा, चिकट चिखल होता. त्यात कापसाचा तूस, तुसात अडकलेल्या मुंग्या, काही मेलेल्या, काही मरायच्या बेतात. आंबलेला वास भपकन वर आला. केसरीनाथनं चिमटा बुडवला, हुंगला, आणि पहिल्यांदाच शी म्हणायला विसरला.

"गाडीत खोबरं कोण शिजवतंय?"

प्रितम जमिनीकडं बघायला लागला. रुचिका म्हणाली, "आक्का. दर अमावास्येला."

आक्का म्हणजे त्यांच्या वडिलांची, तुळशीरामची, थोरली बहीण. लोक गाडीच्या चाकापुढं नारळ फोडतात. आक्काचं म्हणणं, चाकाला काय कळतं, काळजाला पाणी दिलं पाहिजे. म्हणून ती बॉनेट उघडायला लावायची आणि हळद कालवलेलं नारळाचं पाणी थेट इंजिनावर ओतायची. दोन वर्षं, एकही अमावास्या न चुकता.

मग शी सुरू झाली. प्लगची टोकं झिजून गोल झालेली, शी! सगळ्या प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डबीच्या टोपीत हिरवट बुरशी आणि केसाएवढी काळी रेघ, शीऽ! त्या रेघेवरूनही करंट पळत होता. जुन्या मेकॅनिकनं फुटकी वायर गोंदानं चिकटवलेली, शीऽऽऽ! रुचिकानं एक्केचाळीस मोजल्या. संध्याकाळपर्यंत भोकं घासून कोरडी झाली. नवे प्लग बसले, नव्या वायरी बसल्या, आणि दुसऱ्या एका जुन्या गाडीवरची टोपीही बसली.

"पण उद्या अमावास्या हाय," प्रितम पुटपुटला. "गाडी निघायच्या आधी आक्का नारळ घेऊन उभी असणार. तिला कोण सांगणार? पप्पाही तिच्यापुढं बोलत न्हाईत."

"मी सांगतो."

रुचिका खो खो हसली. "काका, तुम्ही? तोंड उघडलं की शीऽऽऽ!" तिनं अस्सल सूर लावला. "आक्का रुसणार, आणि एकाऐवजी दोन नारळ ओतणार."

केसरीनाथनं तिच्याकडं बघितलं. नक्कल चांगली होती, हे त्याला फारसं आवडलं नाही. "न्हाय निघणार शी."

"पैज?"

"पैज. हरेल त्यानं ती बाटली काढायची. कप्पाही घासायचा."

शनिवारी सकाळी अंजूरच्या अंगणात भंगारवाल्याचा टेम्पो आधीच येऊन उभा होता. तुळशीराम खुर्चीत, घड्याळाकडं बघत. आक्का नारळ आणि हळदीची वाटी घेऊन गाडीपाशी.

"खोल रे, प्रितम. आज तर हिची परीक्षा हाय."

प्रितम जागचा हलला नाही. केसरीनाथ पुढं झाला.

"आक्का, गाडीला सर्दी झालीय."

"काय सांगतोस!"

"छातीत बसलीय. चढावर खोकते ती त्यानंच. आता सांग, सर्दी झालेल्या पोराला तू नारळाचं पाणी पाजशील?"

"पाजीन कशी? मेलं थंड अस्तं ते."

"मग हिला?"

आक्कानं नारळाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि मग सगळ्यांवर उखडली. "आरं मेल्यांनो, दोन वर्सं गारी खोकते नि मना एकानं सांगितलं न्हाय?"

तिनं चाकापुढं नारळ फोडला. पाणी मातीत गेलं. मग हळदीनं माखलेल्या बोटांनी खोबऱ्याचा तुकडा उकलून केसरीनाथपुढं धरला. तुकड्यावर माती होती, कुंकू होतं, एक केस होता.

रुचिकानं श्वास रोखला. केसरीनाथच्या नाकपुड्या थरथरल्या, ओठ शी म्हणायच्या आकारात आले. प्रितमनं डोळे मिटले. केसरीनाथनं केस तेवढा बाजूला केला, तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला.

"गोड हाय, आक्का."

तुळशीराम गाडीत बसला. पुलाचा चढ आला, प्रितमनं पाय दाबला आणि गाडी एकही ठेच न खाता वर गेली. माथ्यावर तुळशीराम एवढंच म्हणाला, "टेम्पोवाल्याला माळ्यावरचा तो जुना पंखा देऊन टाक."

दुपारी अंगणात रुचिका नाकाला ओढणी बांधून दाराचा कप्पा टूथब्रशनं घासत होती. केसरीनाथ हात धुऊन, लांब उभा राहून बघत होता.

"कोपऱ्यात राहिलंय," तो म्हणाला.

बाटली उचलताना तिच्या तोंडून जी शी निघाली ती पोटातून सुरू झाली, नाकात चढली आणि शिट्टीसारखी विरली.