मस्टरमधली सही

आमच्या सरकारी कचेरीत हजेरीच्या मस्टरवर एकमेकांच्या सह्या मारणं हा गुन्हा नव्हता, शेजारधर्म होता. तारनाक्याहून येणाऱ्या सहकाऱ्याने त्या सकाळीही फोन केला, "ताई, नामपल्लीत ट्रॅफिकमध्ये अडकलोय, माझी तेवढी सही मारून ठेवा." मी मारली.

तासाभरात रेकॉर्डरूम पेटली. आम्ही सगळे धावत आवारात आलो, पाठोपाठ अग्निशमन दलाचा बंबही आला. साहेबांनी सोबत आणलेलं मस्टर उघडून नावं वाचली. त्या सहकाऱ्याच्या नावाला कोणी ओ दिली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. खोटी सही उघडी पडेल या भीतीने माझ्या तोंडून शब्द फुटेना. "एक जण वर राहिलाय!" साहेब ओरडले, तसा बंबावरचा एक जवान जिन्याकडे धावला. तेव्हा कुठे मी किंचाळले, "वर कोणी नाही!" तोवर छत कोसळलं होतं.

दहा मिनिटांनी सहकारी डबा घेऊन फाटकातून आत आला.

आता तिथे काळ्या दगडाचं स्मारक आहे. त्यावर एकच नाव आहे, त्या जवानाचं. दरवर्षी आम्ही दोघं फुलं घेऊन जातो. पहारेकरी भेट देणाऱ्यांची वही पुढे करतो, "अम्मा, इधर साइन करो." माझा हात उठत नाही. मग सहकारीच पेन घेतो आणि माझीही सही मारून टाकतो.